वस्तऱ्याला तेल लावावं का?

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साध्या पोलादाचा वस्तरा गंजाविना ठेवणं सोपं नाही. वर्षाला ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, दिवसरात्र ओली हवा आणि समुद्रावरून येणारा खारा वारा. वापरून टाकायच्या ब्लेडांमुळे बहुतेक घरांतून हा प्रश्न केव्हाच गेला. पण ज्यांच्या घरी वाडवडिलांचा वस्तरा अजून चालता आहे, किंवा ज्यांनी हौसेनं नवा घेतला आहे, त्यांच्यापुढे तो दर पावसाळ्यात उभा राहतो. एका दाढीपासून दुसऱ्या दाढीपर्यंत वस्तरा ठेवायचा कसा?

यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही ठाम आहेत. मला ती एका मामा-भाच्याच्या तोंडून ऐकायला मिळाली. मामांचे वडील धोकटी घेऊन घरोघर जात. मामांनी गावात सलून थाटलं आणि आता ते मुलाच्या हाती दिलं आहे. भाचा पुण्यात धातूंच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि स्वतःची दाढी वस्तऱ्यानंच करतो. गणपतीला तो गावी येतो तेव्हा वस्तराही बरोबर येतो आणि वाद सुरू होतो. मी त्यांचा शेजारी. माझ्याही घरी वस्तरा आहे, त्यामुळे हे बोलणं मी कान देऊन ऐकलं आहे. त्यातलं जे सगळ्यांच्या उपयोगाचं, ते इथे मांडतो.

मामा : तेल लावत नाहीस म्हणजे काय? अरे, कोयता, विळा, आडकित्ता, घरातलं कुठलं लोखंड आपण आगोटीला तेल न लावता ठेवतो? वस्तरा तर त्यात सगळ्यांत नाजूक.

भाचा : मामा, कोयता महिनोन्‌महिने टांगलेला असतो. वस्तरा मी उद्या सकाळी परत हातात घेणार. एका दिवसासाठी तेल कशाला? गंज चढायला लोखंड लागतं, प्राणवायू लागतो आणि पाणी लागतं. पहिल्या दोन गोष्टी माझ्या हातात नाहीत. पाणी आहे. ते नीट काढलं की काम झालं.

मामा : पुण्यात झालं असेल. इथे पाणी हवेतच आहे. ते कुठल्या फडक्यानं पुसशील?

भाचा : हवेतल्या पाण्याचाही हिशोब आहे. स्वच्छ पोलाद असेल आणि हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल, तर गंज जवळजवळ चढत नाही. त्याच्या वर गेली की पात्यावर पाण्याचा एक थर बसतो. डोळ्यांना दिसत नाही इतका पातळ, पण गंजाला पुरतो.

मामा : आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती साठाच्या खाली येते कधी?

भाचा : नाही येत. ऐंशीच्या वरच असते.

मामा : मग बोलणंच संपलं की.

भाचा : नाही संपलं. नुसत्या ओल्या हवेत स्वच्छ पातं एका रात्रीत खराब होत नाही. ते खराब करतं मीठ. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की पाणी ओढून स्वतः विरघळतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं. ते अवघ्या ३३ टक्क्यांनाच पाणी धरायला लागतं. म्हणजे पात्यावर खाऱ्या वाऱ्याचा एखादा कण बसला, तर तुम्ही-आम्ही ज्याला कोरडी हवा म्हणतो त्या हवेतही त्या कणाभोवती पाणी आहेच. शिवाय क्लोराइड गंजाची क्रिया वेगानं पुढे नेतं. बोटांच्या घामात मीठ असतं. आपल्या खालच्या आळीतल्या विहिरींचं पाणी मचूळ आहे, त्यात मीठ आहे. नळाच्या पाण्यातही जंतू मारायला टाकलेलं क्लोरीन असतं. तेव्हा गंजाशी लढाई आधी मिठाशी आहे, हवेशी नंतर.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं, की या वादातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य मला हेच वाटतं. आपण गंजाचा सगळा दोष पावसाला देतो. पण दाढी करून झाल्यावर पातं चिमटीत धरून अंगठ्यानं पुसण्याची सवय कितीतरी जणांना असते. तुरटीचा ओला खडा गालावर फिरवायचा आणि त्याच ओल्या बोटांनी वस्तरा मिटायचा, हेही सर्रास चालतं. तुरटीचं पाणी आम्लधर्मी आहे. उघड्या पोलादाला ते घामापेक्षाही वाईट. तुरटी चेहऱ्याला लावायची असेल तर वस्तरा आधी जागेवर गेला पाहिजे, इतका साधा नियम पाळला तरी अर्धे डाग पडायचे थांबतील.

मामा : तुरटीचं मला ठाऊक आहे. म्हणून तर वडील तुरटी वेगळ्या डबीत ठेवायचे, धोकटीत हत्यारांजवळ नाही. पण मग साबणाचं काय? साबणाचा फेस वाळून पात्यावर राहिला की गंजतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

भाचा : साबण स्वतः गुन्हेगार नाही. तो अल्कधर्मी असतो आणि अल्कधर्मी पाण्यात लोखंड उलट जरा सुरक्षित असतं. पण वाळलेला फेस ओल धरून ठेवतो आणि त्यात केसांचे कण, कातडीचे कण, घामाचं मीठ अडकलेलं असतं. तुम्ही पाहिलंत ते बरोबर. फक्त कारण साबण नव्हता, त्यानं धरून ठेवलेली घाण होती.

मामा : कारण काहीही असो, धुवायचा नीट. माझी पद्धत ऐक. शेवटचं पाणी गरम घ्यायचं. पातं तापलं की उरलेलं पाणी आपसूक उडतं. मचूळ पाणी असेल तर शेवटची खळबळ पावसाच्या धरलेल्या पाण्यानं. मग जुनं, पुष्कळदा धुऊन मऊ झालेलं सुती फडकं. पाठ चिमटीत धरायची आणि फडकं पाठीकडून धारेकडे ओढायचं. धारेच्या कडेनं आडवं फिरवायचं नाही, फडकंही फाटतं आणि बोटही. मग खिळ्यापाशी फुंकर मारायची...

भाचा : फुंकर नको, मामा. तोंडातली हवा ओलीच असते. थंड पात्यावर तिची वाफ धरते.

मामा : मग खिळ्यातलं पाणी काढायचं कसं? तिथे फडकं जात नाही.

भाचा : टिपकागदाची चिंचोळी पट्टी करा. मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मधून खिळ्यापर्यंत सारा आणि ओढून घ्या. एकदा ओली निघेल, दुसऱ्यांदा दमट, तिसऱ्यांदा कोरडी. कॅमेऱ्याची काच साफ करायचा रबरी फुगा मिळतो, त्यानंही जमतं.

मामा : टिपकागद बरा. घरात असतो.

या खिळ्यापाशी जरा जास्त वेळ थांबलं पाहिजे, कारण सगळी काळजी पात्याच्या दिसणाऱ्या भागाची घेतली जाते आणि वस्तरा मरतो तो न दिसणाऱ्या भागातून. पातं मुठीत एका खिळ्याभोवती फिरतं. तिथे पाणी आपोआप आत ओढलं जातं, दोन पृष्ठभागांतली फट जितकी अरुंद तितकं जोरात. वारा तिथे पोचत नाही. खिळा बहुधा पितळेचा असतो. पितळ आणि पोलाद एकमेकांना चिकटून ओले राहिले की त्यांच्यात एक बारीकसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजतं ते पोलाद. वरून चकचकीत दिसणारा वस्तरा एके दिवशी उघडताना करकरतो. खिळा काढून पाहिलं की पात्याचं भोक तांबड्या भुग्यानं भरलेलं असतं. हे टाळायचा सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे धुतानाच पाणी मुठीकडे जाऊ न देणं. पातं खाली, मूठ वर धरून फक्त पात्याचा पुढचा भाग पाण्यात फिरवावा. नळाखाली अख्खा वस्तरा धरू नये.

मामा : आता सांग, इतकं सगळं केल्यावर दोन थेंब तेल लावलं तर बिघडलं कुठे?

भाचा : इतकं सगळं केल्यावर लावलं तर बिघडत नाही. पण लोक इतकं सगळं करत नाहीत, मामा. तेल आहे म्हणून पुसण्यात घाई करतात. पाण्याच्या थरावर तेल लावलं तर पाणी खालीच राहतं आणि तेल त्याच्यावर झाकण घालतं. आधी ते निदान वाळून तरी गेलं असतं. मिठाच्या कणावर तेल लावलं तरी तेच, मीठ धुतलं जात नाही, झाकलं जातं. तेलातून ओल आणि प्राणवायू हळूहळू आत जातातच. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या कितीतरी सुट्या भागांवर तेलाच्या थराखाली गंज सापडतो.

मामा : म्हणजे चूक घाईची आहे, तेलाची नाही.

भाचा : हो. पण तेलामुळे घाई करायला धीर येतो.

मामा : हे तुझं म्हणणं मला पटत नाही. तेल लावायला मी ज्याला शिकवलं, त्याला आधी पुसायला शिकवलं. हत्याराला हात लावण्याची एक रीत असते, ती शिकवणाऱ्यानं पुरती शिकवली पाहिजे. आणि धारेचं काय? फडकं धारेच्या टोकापर्यंत पोचत नाही. तिथे ओल राहिली तर?

भाचा : त्यासाठी पट्टा.

मामा : तेवढं आपलं जमलं! दाढी झाल्यावर कॅनव्हासच्या पट्ट्यावर पाच-सहा हलके हात. दाढीच्या आधी चामड्यावर परजायचा तो धारेसाठी, नंतर कॅनव्हासवर फिरवायचा तो कोरडा करायला.

भाचा : आणि चामड्यावर तेलाचा थेंबही जाता कामा नये. म्हणून तेल लावलेला वस्तरा परजायच्या आधी पुसावा लागतो, स्पिरिटच्या बोळ्यानं किंवा साबणाच्या पाण्यानं. रोज संध्याकाळी लावा, रोज सकाळी काढा. रोज दाढी करणाऱ्याला हा जाच आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोयत्याच्या पात्यावर गंजाचा ठिपका पडला तर काही अडत नाही, दगडावर घासला की गेला. वस्तऱ्याच्या धारेची जाडी टोकाशी एका मायक्रॉनपेक्षाही कमी असते आणि माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड. गंजाचा खड्डा दोन-तीन मायक्रॉनचा असला तरी धारेच्या मापानं ते मोठं भगदाड आहे. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढीचं पातं केस कापताना पाहिलं. केस पोलादाच्या मानानं कितीतरी मऊ, तरी तो वाकून धारेच्या कमकुवत जागी आला की तिथला कण उडवतो, असं त्यांना दिसलं. ते पातं गंजलेलं नव्हतं. गंजानं आधीच खड्डा पाडलेल्या धारेचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. गाल ओढल्यासारखा झाला, केस कापायच्या ऐवजी उपटल्यासारखं वाटलं, की लोक म्हणतात धार गेली. पुष्कळदा ती दाढी करताना गेलेली नसते, रात्री कपाटात गेलेली असते.

मामा : बरं, तेल लावायचंच ठरलं तर कुठलं? मी आयुष्यभर खोबरेल लावलं. घरचं, घाण्याचं.

भाचा : घरात असलेल्या तेलांत खोबरेल त्यातल्या त्यात चांगलं. त्यातली मेदाम्लं बहुतेक संपृक्त आहेत, म्हणून ते वाळून चिकट होत नाही. पण घाण्याचं तेल जुनं झालं की खवट होतं, म्हणजे त्यात आम्ल सुटतं. आणि थंडीत ते थिजतं, २४-२५ अंशांच्या खाली. थिजलेल्या तेलाचा थर सारखा बसत नाही.

मामा : थंडीत थिजतं खरं, पण आपली अडचण पावसाळ्याची. आणि गोडं तेल?

भाचा : शेंगदाण्याचं नको, कालांतरानं चिकटतं. करडईचं तर मुळीच नको. करडईचं आणि जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं, रंगवाले ते त्याच गुणासाठी वापरतात. वस्तऱ्याच्या खिळ्यात ते गेलं तर काही महिन्यांत पातं चिकटून बसेल. खनिज तेल घ्या. शिवणयंत्राचं तेल चालतं. त्याहून चांगलं, औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं. रंग नाही, वास नाही, खवट होत नाही. पोट साफ व्हायला ते लोक पितात, त्यामुळे चेहऱ्याला लागण्याची भीती नको. जास्त दिवस ठेवायचा असेल तर व्हॅसलिनचा पातळ हात. जपानात सुतार आपल्या हत्यारांना कमेलियाच्या बियांचं तेल लावतात, तेही वाळत नाही, म्हणूनच.

मामा : एक थेंब?

भाचा : एकच. फडक्याच्या कोपऱ्यावर घ्यायचा, पात्याला आणि खिळ्याला पुसून घ्यायचा. तेल दिसलं तर ते जास्त झालं.

मामांनी हे ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी पॅराफिनची बाटली आणली, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. हाताखालून असंख्य दाढ्या गेलेला माणूस भाच्याचं ऐकून तेल बदलतो, ही लहान गोष्ट नाही. खोबरेल त्यांनी सोडलं. तेल मात्र सोडलं नाही.

यानंतर भाच्यानं जो मुद्दा काढला, त्यावर मात्र दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

भाचा : मामा, मुळात साध्या पोलादाचा वस्तरा इथे ठेवायचाच कशाला? स्टेनलेसचा घ्या. क्रोमियम असलं की पोलादावर एक अदृश्य कवच चढतं आणि ओरखडा पडला तरी ते पुन्हा भरून येतं. शेफिल्डला हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ मध्ये साधारण १३ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं, तिथून ही गोष्ट सुरू झाली. शंभर वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आपण दर पावसाळ्यात नव्यानं सोडवतो आहोत.

मामा : सुटला असेल तर त्याच शेफिल्डचे कारागीर त्याला का हसले? तूच सांगितलं होतंस.

भाचा : हसले. न कापणाऱ्या सुऱ्या शोधणारा माणूस म्हणून त्याची थट्टा झाली. सुरुवातीला त्या पोलादाला पाणी कसं द्यायचं ते जमत नव्हतं. आता जमतं.

मामा : सहाणेवर जमतं का? स्टेनलेसचा वस्तरा मी घासून पाहिला आहे. दुप्पट वेळ घेतो आणि हाताला कळत नाही धार कुठवर आली. साधं पोलाद दगडावर बोलतं.

भाचा : त्याचं कारण आहे. वस्तऱ्याच्या पोलादात कर्ब एक टक्का किंवा त्याहून जास्त असतो, त्यानंच धार टिकते. क्रोमियम घातलं की कर्ब त्याला धरून कठीण कण करतो. ते कण मोठे झाले तर धार बारीक आणायला जड जातं. आणि जेवढं क्रोमियम त्या कणांत अडकलं, तेवढं गंजाविरुद्ध कमी पडलं. म्हणून स्टेनलेसचा वस्तराही अगदी निर्धोक नसतो. क्लोराइडनं त्यालाही बारीक खड्डे पडतात.

मामा : म्हणजे तो घेऊनही पुसायचा आहेच.

भाचा : पुसायचा आहे. पण एखाद दिवशी विसरलात तर क्षमा आहे.

पोलादात काहीतरी मिसळून गंज हटवण्याची ही धडपड ब्रिअर्लीच्याही आधीची आहे आणि तिचा एक धागा मुंबईतून जातो. कंपनी सरकारचे मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी ‘वूट्झ’ म्हणजे हिंदुस्थानी पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. त्यावरचा जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध १७९५ साली प्रसिद्ध झाला. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा कारागीर या पोलादावर लुब्ध झाला. त्यानं तरुण मायकल फॅरेडेला बरोबर घेऊन पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातू मिसळून पाहिले. त्यांचे निबंध १८२० आणि १८२२ मध्ये आले. चांगली धार आणि कमी गंज, दोन्ही त्यांना हवं होतं. विजेच्या शोधांसाठी जग ज्याला ओळखतं, त्या फॅरेडेनं आपल्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट दिले होते. मामांना ही गोष्ट फार आवडली. आपल्या धंद्यातल्या हत्यारासाठी इतका मोठा माणूस भट्टीपाशी उभा राहिला, हे त्यांनी सलूनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

माझं मत विचाराल तर या एका बाबतीत मी मामांच्या बाजूचा आहे. ज्याच्याकडे जुना, साध्या पोलादाचा वस्तरा आहे, त्यानं तो टाकून स्टेनलेसचा घेऊ नये. ते पोलाद सांभाळता येतं. नवाच घ्यायचा असेल, घर समुद्राजवळ असेल आणि रोज दाढी करणं होत नसेल, तर भाच्याचं ऐकावं.

ठेवायचा कुठे, यावर दोघांत फारसं भांडण झालं नाही. न्हाणीघरात नाही, हे दोघांनाही मान्य. गरम पाण्याची आंघोळ झाली की तिथल्या प्रत्येक गार वस्तूवर दव धरतं आणि वस्तऱ्याचं पातं तर गारच असतं. मामांचे वडील धोकटी चुलीजवळच्या फळीवर ठेवत, तिथली हवा कायम कोरडी. गॅस आल्यावर ती जागा गेली. मामा काही दिवस तांदळाच्या डब्यात वस्तरा ठेवत असत. भाच्यानं ते बंद केलं, कारण पावसाळ्यातला तांदूळ आधीच वजनाच्या बारा-तेरा टक्के ओल धरून असतो, तो आणखी काय ओढणार? कळीचा चुना पाणी जोरात ओढतो खरा, पण फुलून त्याची भुकटी होते आणि ती सगळीकडे बसते. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलची पुडी, हे सगळ्यांत सुटसुटीत. पुडी ओली झाली की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येते. पण वस्तरा पूर्ण कोरडा झाल्याशिवाय डब्यात घालू नये. दाढीनंतर दोन-तीन तास तो उघडा, वारा लागेल असा ठेवावा. घरात लहान मुलं असतील तर उंचावर.

दोन गोष्टी मात्र लोकांना माहीत नसतात, म्हणून सांगतो. एक, चामड्याचं म्यान. दिसायला देखणं, वस्तऱ्याला वाईट. चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात राहिलेले असतात. प्रवासात चालेल, घरी नको. दुसरी, सेल्युलॉइडची मूठ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पुष्कळ वस्तऱ्यांना हस्तिदंतासारख्या किंवा कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या मुठी आहेत, त्यांतल्या बऱ्याच सेल्युलॉइडच्या. ते जुनं झालं की सडतं आणि त्यातून नायट्रिक आम्लाची वाफ सुटते. मिटलेल्या वस्तऱ्यात पातं त्याच वाफेत पडून राहतं. मूठ घाम आल्यासारखी चिकट लागली, तडकली, तिला आंबूस वास आला, तर तेल लावून काही होणार नाही. पातं त्या मुठीतून काढून दुसऱ्या मुठीत बसवावं लागतं आणि ती मूठ बाकीच्या हत्यारांपासूनही लांब ठेवावी लागते.

मामा : डाग पडलाच तर?

भाचा : कुठल्या रंगाचा?

मामा : काळसर असेल तर मी हात लावत नाही. तांबडा असेल तर लगेच घासलेटाच्या फडक्यानं.

भाचा : बरोबर करता. काळसर-निळसर डाग म्हणजे लोखंडाचं घट्ट ऑक्साइड, ते तिथेच चिकटून राहतं, पसरत नाही. तांबडा गंज भुसभुशीत असतो. तो ओल धरतो आणि त्याच्याखाली पुढचा गंज चढतो. तो त्याच दिवशी काढला पाहिजे. पण चिंच आणि लिंबू लावू नका, भांड्यांना लावतात तसं.

मामा : वस्तऱ्याला चिंच? मी?

भाचा : तुम्ही नाही, लोक लावतात.

धारेवरच गंज चढला असेल तर घासलेट पुरत नाही. खड्डा जिथवर गेला, तिथवरचं पोलाद सहाणेवर काढून नवी धार आणावी लागते. हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावं.

एक बाब या वादाच्या बाहेरची, पण सांगितलीच पाहिजे. मामांच्या सलूनमध्ये आता जुना वस्तरा गिऱ्हाइकाला लागत नाही. तिथे अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा आहे आणि प्रत्येक माणसाला नवं ब्लेड. एचआयव्ही आणि कावीळ ब व क यांचा धोका कळल्यानंतर हा बदल झाला आणि तो योग्य आहे. साधा पोलादी वस्तरा उकळला, वाफेनं निर्जंतुक केला किंवा ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवला, तर तो निर्जंतुक होईल आणि गंजेल. सार्वजनिक जागी ही दोन्ही कामं एकाच वस्तऱ्यात बसत नाहीत. जुना वस्तरा एका माणसाचाच असावा. भावाचा भावालाही देऊ नये.

आता निकाल. घाटावर, विशेषतः कोरड्या दिवसांत, रोज दाढी करणाऱ्या माणसानं भाच्यासारखं वागावं. धुवावा, पुसावा, कॅनव्हासवर फिरवावा, उघडा ठेवावा. तेल लागत नाही. किनाऱ्यावर पावसाळ्यात मामा बरोबर आहेत आणि तिथे तेल टाळणं ही हौस परवडणारी नाही. दोन दाढ्यांमध्ये दोन दिवसांहून जास्त अंतर पडत असेल तर कुठल्याही गावी, कुठल्याही ऋतूत तेल लावावं. पण वस्तरा दोन-तीन तास उघडा राहिल्यानंतर, कोरड्या पात्याला, आणि खनिज तेलच. भाच्यानं या वेळी जाताना मामांकडे ठेवलेल्या त्याच्या दुसऱ्या वस्तऱ्याला स्वतःच्या हातानं पॅराफिन लावलं. तो आता दिवाळीपर्यंत उघडायचा नाही, असं त्यानं मामांना सांगितलं आहे.

तुमच्या घरी कपाटात, जुन्या धोकटीत किंवा ट्रंकेत चामड्याच्या म्यानात एखादा वस्तरा पडून असेल, तर तो आजच बाहेर काढा. मुठीचा वास घ्या, खिळा हलवून पाहा, पात्यावरचा तांबडा गंज घासलेटानं पुसून कोरडा करा आणि लिक्विड पॅराफिनचा एक थेंब लावून कोरड्या डब्यात ठेवा. धारेला मात्र स्वतः हात घालू नका, गावात अजून सहाण वापरणारा कारागीर असेल तर त्याच्याकडे न्या.